जोडणी प्रवेश नियंत्रण

जोडणी प्रवेश नियंत्रण, अर्थात कॉल ॲडमिशन कंट्रोल, ही बिनतारी दूरसंचार जाळ्यातील निर्णयप्रक्रिया आहे. एखाद्या भ्रमणध्वनीने जोडणीची मागणी केली असता ती स्वीकारावी, नाकारावी की काही काळ रांगेत ठेवावी, हे या प्रक्रियेने ठरते. नव्या ग्राहकाला जागा देताना, आधीपासून बोलत असलेल्या ग्राहकांच्या सेवेचा दर्जा ठरलेल्या पातळीखाली जाऊ नये, हा तिचा मुख्य हेतू होय. पॅकेटरूपी माहितीची वाहतूक करणाऱ्या आधुनिक जाळ्यांत 'कॉल' या शब्दाचा अर्थ विस्तारला असून चित्रफीत पाहणे, व्हिडिओद्वारे संभाषण करणे किंवा यंत्रांनी परस्परांना मोजमापे पाठवणे यांसाठीच्या जोडण्यांनाही हेच तत्त्व लागू होते.

पार्श्वभूमी

तारेच्या जाळ्यात वहनक्षमता कमी पडल्यास आणखी तारा टाकता येतात. बिनतारी जाळ्यात मात्र रेडिओ वर्णपटाचा ठरावीक पट्टाच सेवादात्याच्या वाट्याला येतो आणि तो सर्व ग्राहकांना वाटून वापरावा लागतो. यासाठी सेवाक्षेत्राचे 'सेल' नावाचे लहान विभाग पाडतात. प्रत्येक सेलमध्ये एक बेस स्टेशन असते आणि पुरेशा अंतरावरील सेलमध्ये तीच वारंवारता पुन्हा वापरली जाते. तरीही एका सेलमध्ये एका वेळी किती जोडण्या चालू शकतील, याला मर्यादा राहतेच.

बिनतारी जाळ्याची आणखी दोन वैशिष्ट्ये हा प्रश्न अवघड करतात. पहिले असे की ग्राहक फिरता असतो. बोलता बोलता तो एका सेलमधून दुसऱ्या सेलमध्ये जातो आणि तेथे त्याला नव्याने जागा द्यावी लागते. या क्रियेस हस्तांतरण अथवा हँडओव्हर म्हणतात. दुसरे असे की रेडिओ दुव्याची गुणवत्ता स्थिर नसते. मनोऱ्याजवळच्या ग्राहकाला जी सेवा थोड्या साधनांत देता येते, तीच सेवा सेलच्या कडेला किंवा जाड भिंतींच्या आड असलेल्या ग्राहकाला देण्यास कितीतरी अधिक साधने खर्ची पडतात. त्यामुळे एक मागणी म्हणजे एक जागा, असा सरळ हिशेब येथे नेहमी चालत नाही.

एर्लांगचे गणित

या विषयाचा पाया डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारुप एर्लांग (१८७८–१९२९) यांनी घातला. ते १९०८ साली कोपनहेगन टेलिफोन कंपनीत रुजू झाले. दूरध्वनी मागण्यांच्या संभाव्यतेविषयीचा त्यांचा लेख १९०९ मध्ये, तर आज 'एर्लांग बी' या नावाने ओळखले जाणारे सूत्र १९१७ मध्ये प्रसिद्ध झाले. दूरध्वनी-वाहतूक मोजण्याच्या एककास १९४६ साली आंतरराष्ट्रीय स्तरावर त्यांचेच नाव देण्यात आले.

एक वाहिनी तासभर अखंड व्यग्र राहिली, तर त्या तासातील वाहतूक एक एर्लांग होते. एखाद्या सेलमधील १०० ग्राहक गर्दीच्या तासात प्रत्येकी सरासरी तीन मिनिटे बोलत असतील, तर एकूण ३०० मिनिटे, म्हणजे पाच तास संभाषण होते आणि वाहतूक पाच एर्लांग भरते. वरवर पाहता अशा सेलला पाच वाहिन्या पुरेशा वाटतील. परंतु मागण्या घड्याळाच्या काट्यावर येत नाहीत. कधी अनेक एकदम येतात, तर कधी कोणीच बोलत नसते. एर्लांगच्या सूत्रानुसार पाच वाहिन्या ठेवल्यास सुमारे २८.५ टक्के मागण्या नाकाराव्या लागतात. दहा वाहिन्या ठेवल्यास हे प्रमाण सुमारे १.८ टक्क्यांवर येते.

याच सूत्रातून दुसरा उपयुक्त निष्कर्ष निघतो. वाहिन्या एकत्र केल्या की त्यांची कार्यक्षमता वाढते. दुसऱ्या पिढीच्या जीएसएम पद्धतीत २०० किलोहर्ट्‌झ रुंदीच्या प्रत्येक वाहक लहरीचे आठ कालखंड पाडलेले असतात. त्यांपैकी एक नियंत्रणासाठी ठेवल्यास संभाषणाला सात उरतात. मागण्या नाकारल्या जाण्याचे प्रमाण दोन टक्के धरल्यास सात वाहिन्यांवर २.९४ एर्लांग वाहतूक सामावते; चौदा वाहिन्यांवर मात्र ८.२० एर्लांग. वाहिन्या दुप्पट झाल्या, पण सामावलेली वाहतूक जवळजवळ पावणेतीनपट झाली. वरील उदाहरणातल्याप्रमाणे तासाला तीन मिनिटे बोलणारे ग्राहक धरले, तर पहिल्या व्यवस्थेत सुमारे ५८ आणि दुसरीत १६४ ग्राहकांना समाधानकारक सेवा मिळते.

या सूत्रामागे काही गृहीतके आहेत. मागण्या एकमेकींपासून स्वतंत्रपणे येतात आणि नकार मिळालेला ग्राहक निघून जातो, असे ते मानते. प्रत्यक्षात मात्र नकार मिळालेला ग्राहक लगेच पुन्हा क्रमांक फिरवतो. सामान्य दिवशी याने फारसा फरक पडत नाही. संकटाच्या वेळी मात्र एकेका ग्राहकाच्या अनेक मागण्या जमा होऊन कोंडी स्वतःच स्वतःला वाढवत नेते.

जोडणीची मागणी कशी पोहोचते

प्रवेश द्यावा की नाही हे ठरवण्यापूर्वी मागणी बेस स्टेशनपर्यंत पोहोचली पाहिजे. मागणी करणारे फोन परस्परांना ओळखत नाहीत आणि कोण केव्हा बोलणार, हे आधी ठरलेले नसते. म्हणून पहिला संदेश पाठवण्यासाठी सर्वांना खुला असा एक सामाईक मार्ग ठेवलेला असतो. दोघांनी एकाच क्षणी संदेश पाठवल्यास त्यांची टक्कर होऊन दोन्ही संदेश वाया जाऊ शकतात.

ही पद्धत हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेल्या 'अलोहा' जाळ्यातून आली. हे जाळे १९७१ साली कार्यान्वित झाले. मूळ अलोहा पद्धतीत सामाईक मार्गाचा जास्तीत जास्त १८.४ टक्के उपयोग होऊ शकतो. संदेश केवळ ठरलेल्या कालखंडांच्या आरंभीच पाठवण्याचे बंधन घातल्यास ही मर्यादा ३६.८ टक्क्यांपर्यंत जाते. त्यापुढे मागण्या वाढत गेल्या, की यशस्वी संदेशांची संख्या वाढण्याऐवजी घटू लागते.

चौथ्या पिढीच्या एलटीई पद्धतीत प्रत्येक सेलमध्ये ६४ सांकेतिक खुणा असतात. फोन त्यांपैकी एक खूण यादृच्छिकपणे निवडून पाठवतो. बेस स्टेशन तिला उत्तर देते. त्यानंतर फोन आपली ओळख व जोडणीचे कारण कळवतो. आणि शेवटी मागणी कोणाची मान्य झाली, हे बेस स्टेशन जाहीर करते. अशा चार पायऱ्यांनी जोडणी सुरू होते. समजा, ५४ खुणा सर्वांसाठी खुल्या आहेत आणि एकाच क्षणी दहा फोनांनी मागणी केली, तर एखाद्या विशिष्ट फोनची दुसऱ्या कोणाशी टक्कर होण्याची शक्यता सुमारे १५.५ टक्के असते. टक्कर झालेले फोन काही काळ थांबून पुन्हा प्रयत्न करतात. प्रत्येकाने किती थांबावे, हे यादृच्छिक ठेवलेले असते. अन्यथा तेच फोन पुन्हा एकत्र येऊन धडकले असते.

प्रवेशवर्ग

गर्दी फार वाढल्यास मागण्या उगमापाशीच थोपवाव्या लागतात. त्यासाठी प्रत्येक सिमकार्डात प्रवेशवर्ग नोंदवलेला असतो. सामान्य ग्राहकांची वाटणी ० ते ९ या दहा वर्गांत केलेली असते. ११ ते १५ हे वर्ग विशेष असून त्यांपैकी ११ व १५ सेवादात्याच्या स्वतःच्या वापरासाठी, १२ सुरक्षा सेवांसाठी, १३ पाणी-वीज यांसारख्या लोकोपयोगी सेवांसाठी आणि १४ आपत्कालीन सेवांसाठी असतो. वर्ग १० हा सिमकार्डावर नोंदवलेला नसून आपत्कालीन कॉलला परवानगी आहे की नाही, हे कळवण्यासाठी वापरला जातो.

कोणत्या वर्गांनी तूर्त मागणी करू नये, हे बेस स्टेशन सतत प्रसारित करत असते. ठरावीक काळाने वर्गांची पाळी बदलल्यास नकाराचा भार सर्वांवर सारखा पडतो. एलटीईमध्ये याहून सूक्ष्म नियमन करता येते. बेस स्टेशन ० ते १ यांमधील एक संख्या जाहीर करते आणि प्रत्येक फोन स्वतः एक यादृच्छिक संख्या काढतो. ती जाहीर संख्येपेक्षा लहान असली, तर फोन मागणी करतो. एरवी ठरलेला काळ थांबतो.

प्रवेश देण्याच्या पद्धती

वाहिन्या मोजून प्रवेश. वाहिन्यांची संख्या निश्चित असेल, तर रिकामी वाहिनी असेपर्यंत प्रत्येक मागणी मान्य करणे ही सर्वांत साधी पद्धत होय. तिच्यात नवा कॉल आणि शेजारच्या सेलमधून आलेला चालू कॉल यांत भेद केला जात नाही.

राखीव वाहिन्या. फोन लागलाच नाही, तर ग्राहक नाराज होतो; परंतु बोलणे अर्ध्यावर तुटले, तर तो अधिक नाराज होतो. या साध्या अनुभवावर ही पद्धत आधारलेली आहे. सेलमधील काही वाहिन्या केवळ हस्तांतरित होऊन येणाऱ्या कॉलसाठी राखून ठेवल्या जातात. डेह्यंग हाँग व स्टीफन रॅपपोर्ट यांनी १९८६ साली केलेल्या विश्लेषणामुळे ही पद्धत अभ्यासकांमध्ये रूढ झाली. तिची किंमत उघड आहे : राखीव वाहिन्या वाढवाव्यात, तसे तुटणारे कॉल कमी होतात, पण नव्या ग्राहकांना मिळणारे नकार वाढतात आणि काही वाहिन्या रिकाम्या पडून राहतात. यावर उपाय म्हणून राखीव वाहिन्यांची संख्या रहदारीनुसार बदलती ठेवणे, किंवा सेल भरत जाईल तसे नव्या मागण्या मान्य करण्याचे प्रमाण हळूहळू घटवणे, असे प्रकार पुढे सुचवले गेले.

रांग. दोन शेजारी सेलांची क्षेत्रे काठावर एकमेकांत मिसळलेली असतात. या पट्ट्यातून जाताना ग्राहकाचा जुना दुवा काही क्षण टिकून असतो. तेवढ्या अवधीत हस्तांतरणाची मागणी नव्या सेलमध्ये रांगेत उभी करता येते.

व्यतिकरण मोजून प्रवेश. तिसऱ्या पिढीच्या सीडीएमए तंत्रात सर्व ग्राहक एकाच वेळी एकच वारंवारता वापरतात आणि निरनिराळ्या संकेतांनी वेगळे ओळखले जातात. येथे प्रत्येक नवा ग्राहक इतरांसाठी थोडा गोंगाट वाढवतो. सेलची क्षमता त्यामुळे ताठर राहत नाही. नव्या मागणीमुळे बेस स्टेशनवरील एकूण व्यतिकरण किती वाढेल, याचा अंदाज घेऊन निर्णय करावा लागतो. मर्यादेपलीकडे ग्राहक घेतल्यास सेलच्या काठावरील ग्राहकांचे संदेश गोंगाटात बुडतात आणि सेलचे क्षेत्र जणू आक्रसते. या परिणामास सेलचे श्वसन असे म्हटले जाते.

दर्जा उतरवून प्रवेश. सर्वांना थोडी कमी सेवा देऊन अधिक लोकांना सामावून घेणे, हाही एक मार्ग आहे. जीएसएममध्ये पूर्ण गतीचा आवाज सेकंदाला १३ किलोबिट, तर अर्ध्या गतीचा ५.६ किलोबिट माहिती घेतो. अर्धी गती वापरल्यास एका कालखंडात दोन कॉल बसतात. आवाज मात्र तितका स्वच्छ राहत नाही.

सेवेचा दर्जा

सेवेचा दर्जा मुख्यतः चार परिमाणांनी मोजतात : माहितीचा वेग, विलंब, विलंबातील चढउतार आणि वाटेत हरवणाऱ्या पॅकेटांचे प्रमाण. प्रत्येक सेवेची गरज वेगळी असते. संभाषणात एखादे पॅकेट हरवले, तर कानाला फारसे जाणवत नाही. पण विलंब झाला, तर दोघेही एकाच वेळी बोलू लागतात. याउलट बँकेच्या व्यवहारात अर्धा सेकंद उशीर चालतो. एक अंकही गहाळ झालेला चालत नाही.

तिसऱ्या पिढीत सेवांचे संभाषण, प्रवाही, संवादी व पार्श्वभूमी असे चार वर्ग केले गेले. एलटीईमध्ये प्रत्येक माहितीप्रवाहास एक वर्गक्रमांक मिळतो. वर्ग १ संभाषणातील आवाजासाठी असून त्यात विलंब १०० मिलिसेकंदांच्या आत व पॅकेटहानी शंभरात एकपर्यंत अपेक्षित असते. व्हिडिओ संभाषणाच्या वर्ग २ मध्ये हीच मूल्ये १५० मिलिसेकंद व हजारात एक अशी आहेत. सर्वसाधारण इंटरनेट वापर वर्ग ९ मध्ये मोडतो. तेथे विलंबाची मर्यादा ३०० मिलिसेकंद, पण हानी दहा लाखांत एक इतकीच मान्य असते. पहिल्या चार वर्गांना किमान वेगाची हमी असते, म्हणून त्यांच्या बाबतीत प्रवेश नियंत्रण कडक असते. हमी नसलेल्या वर्गांना प्रवेश सहज मिळतो. गर्दी झाली, की त्यांचा वेग कमी होतो.

वर्गक्रमांकाखेरीज प्रत्येक प्रवाहास १ ते १५ यांपैकी एक अग्रक्रमही दिला जातो. सेल भरलेला असताना कोणाला आत घ्यावे, आत आलेल्याला दुसऱ्याची जागा काढून घेता येईल काय आणि त्याची स्वतःची जागा दुसऱ्याला काढून घेता येईल काय, हे त्यावरून व त्याला जोडलेल्या दोन खुणांवरून ठरते. वर्गक्रमांक प्रवेशानंतरची वागणूक ठरवतो आणि अग्रक्रम प्रवेशाच्या वेळची, असा दोहोंतील फरक सांगता येईल.

प्रवेश मिळाल्यावर प्रत्येक क्षणी कोणाला किती साधने द्यायची, हे काम नियोजक करतो. ज्याचा दुवा सर्वांत चांगला, त्यालाच नेहमी प्राधान्य दिल्यास एकूण वेग वाढतो; पण दूरचे ग्राहक उपाशी राहतात. सर्वांना आळीपाळीने सारखा वेळ दिल्यास दुवा चांगला असल्याची संधी वाया जाते. यांतील मध्यम मार्ग म्हणजे प्रमाणबद्ध न्याय्य पद्धत. तीत ग्राहकाचा त्या क्षणीचा संभाव्य वेग त्याला आतापर्यंत मिळालेल्या सरासरी वेगाशी ताडून पाहतात आणि ज्याचे गुणोत्तर अधिक, त्याला पाळी देतात.

पाचव्या पिढीत एकाच जाळ्याचे अनेक आभासी काप करून ते निरनिराळ्या उपयोगांसाठी देता येतात. अशा वेळी एका कापात किती उपकरणे व किती जोडण्या असाव्यात, यावरही प्रवेश नियंत्रण ठेवावे लागते.

वायफाय जाळी

घरगुती वायफायमध्ये प्रत्येक उपकरण आधी माध्यम मोकळे आहे का, ते ऐकते आणि यादृच्छिक काळ थांबून मग माहिती पाठवते. येथे मुळात सर्वांना समान संधी होती. २००५ साली मान्य झालेल्या ८०२.११ई या सुधारणेने आवाज, व्हिडिओ, सर्वसाधारण व पार्श्वभूमी असे चार वर्ग आणले. वरच्या वर्गातील पॅकेटांना सरासरीने कमी काळ थांबावे लागते. ही केवळ अधिक संधी असते, हमी नव्हे. आवाजाच्याच वर्गात अनेक उपकरणे आली, तर तीही परस्परांना अडथळा करतात. म्हणून या वर्गांसाठी आधी परवानगी मागण्याची ऐच्छिक तरतूद त्याच मानकात आहे.

आपत्काल आणि अग्रक्रम

प्रवेश नियंत्रणाचे सामाजिक महत्त्व संकटाच्या वेळी स्पष्ट होते. ७ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले, तेव्हा शहरातील भ्रमणध्वनी जाळ्यांवर प्रचंड ताण आला. सामान्य ग्राहकांना थोपवून निवडक फोनांनाच प्रवेश देण्याची यंत्रणा उपलब्ध होती. परंतु नागरिकांत घबराट पसरेल आणि विशेष सिमकार्डे योग्य व्यक्तींच्याच हाती आहेत याची खात्री नाही, या कारणांनी ती वापरू नये, असे समन्वयकांनी ठरवले. तरीही सिटी ऑफ लंडन पोलिसांच्या सांगण्यावरून ऑल्डगेट परिसरात एका सेवादात्याच्या जाळ्यावर ती काही तास लागू झाली. त्या काळात सामान्य नागरिकांचे असंख्य कॉल लागले नाहीत. लंडन असेंब्लीच्या चौकशी समितीने २००६ च्या अहवालात या निर्णयप्रक्रियेवर टीका केली.

११ मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर जपानमधील सेवादात्यांनी आपत्कालीन कॉलांना वाट मिळावी म्हणून सामान्य आवाजी कॉलांवर कमाल ७० ते ९५ टक्क्यांपर्यंत निर्बंध घातले. पॅकेट सेवेवरील निर्बंध त्या मानाने पुष्कळच सौम्य होते. त्यामुळे फोन लागत नसताना लघुसंदेश व ईमेल तुलनेने सहज पोहोचत होते. लहान संदेश थोडी जागा घेतो आणि जागा मिळेपर्यंत थांबू शकतो, हे त्याचे कारण. संकटात आप्तांना वारंवार फोन करण्याऐवजी संदेश पाठवावा, हा सल्ला याच तत्त्वावर आधारलेला आहे.

मुंबईतही ११ जुलै २००६ रोजी उपनगरी रेल्वेगाड्यांत झालेल्या स्फोटांनंतर भ्रमणध्वनी जाळी कोंडून गेली होती. यात्रा-मेळ्यांसारखी गर्दी आधी ठाऊक असते. तेथे वाहनांवर बसवलेली तात्पुरती बेस स्टेशने उभारून क्षमता वाढवता येते. अकस्मात संकटात मात्र हातातील क्षमतेची वाटणी करणे एवढाच उपाय तत्काळ उरतो.

भारतातील नियमन

भारतात सेवेच्या दर्जाची मानके भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, अर्थात ट्राय, ठरवते. २००९ च्या विनियमांनुसार संकेतवाहिन्यांवरील कोंडी एक टक्क्याच्या व संभाषणवाहिन्यांवरील कोंडी दोन टक्क्यांच्या आत, तुटणाऱ्या कॉलांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत आणि कॉल यशस्वीपणे जुळण्याचे प्रमाण किमान ९५ टक्के असणे अपेक्षित होते. नकार आणि तुटणे यांना वेगवेगळी मर्यादा असल्याने एकाची आकडेवारी सुधारण्यासाठी दुसऱ्याचा बळी देण्यास वाव राहत नाही.

संपूर्ण परिमंडळाची सरासरी चांगली असूनही एखाद्या भागातील ग्राहक त्रस्त असू शकतात. ही उणीव भरून काढण्यासाठी २०१७ च्या सुधारणेत सरासरीऐवजी, बहुसंख्य सेलांनी बहुसंख्य दिवशी मानक पाळले की नाही, हे पाहणारी मोजणी आली. ट्रायने १ ऑक्टोबर २०२४ पासून तारेच्या व बिनतारी सेवांसाठी नवे एकत्रित विनियम लागू केले.

तुटणाऱ्या प्रत्येक कॉलमागे एक रुपया, दिवसाला कमाल तीन रुपये, अशी भरपाई ग्राहकास द्यावी, असा विनियम ट्रायने ऑक्टोबर २०१५ मध्ये काढला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो ११ मे २०१६ रोजी रद्द ठरवला. कॉल तुटण्यामागे सेवादात्याचा दोष, ग्राहकाची जागा, इमारतींचा अडथळा अशी नाना कारणे असू शकतात आणि सर्वांचे दायित्व एकावर टाकता येईल का, हा त्या वादातील कळीचा मुद्दा होता.

वादाचे मुद्दे

प्रवेश नियंत्रण हे वरकरणी तांत्रिक असले, तरी तुटपुंज्या साधनांची वाटणी कोणत्या न्यायाने करावी, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. सेलच्या काठावरील ग्राहकाला सेवा देणे महाग पडते. म्हणून केवळ कार्यक्षमता पाहिल्यास वस्तीपासून दूर राहणारा ग्राहकच वारंवार वगळला जाईल. अधिक पैसे देणाऱ्यास अधिक अग्रक्रम देणे तंत्रदृष्ट्या सोपे आहे; परंतु ते इंटरनेटवरील समान वागणुकीच्या तत्त्वाशी कितपत जुळते, यावर मतभेद आहेत. भारत सरकारने २०१८ साली हे तत्त्व स्वीकारताना काही विशेष सेवांना अपवाद ठेवला.

अग्रक्रमाच्या कोणत्याही व्यवस्थेने नवी क्षमता निर्माण होत नाही. एकाला दिलेली जागा दुसऱ्याला नाकारलेली असते. म्हणून प्रवेश नियंत्रणाचे नियम आधी ठरलेले, ज्ञात आणि तपासता येण्याजोगे असावेत, अशी अपेक्षा केली जाते.

हे सुद्धा पहा

आग्नर क्रारुप एर्लांग
अलोहा जाळे
जीएसएम
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण
रांग सिद्धांत